रुद्रय्यांचा डबा

"यंत्राला आत्मा नसतो!" शिवाजी पेठेतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात राजशेखरने जाहीर केलं, आणि शांतादेवींनी आणलेला, त्यांच्या नवऱ्याचा, रुद्रय्यांचा, डब्याएवढा कॉम्प्युटर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने लांब सरकवला. मी मागे रांगेत होतो.

"आमचं मालक गेल्यापास्नं रोज पहाटं आपोआप चालू हुतोय."

"अक्का, प्लग काढायचा की."

"काढलाय."

"थांबा, उघडतो. आवो, ह्यात मदरबोर्डच न्हाय!"

"कसा आसंल? तळहाताएवढा, बंगळुरास्नं मागवल्याला. लई जीव त्यांचा त्येच्यावर. आमच्या लिंगायतांत बसवून पुरत्यात; तशी समाधी दिली तवा काढून त्यांच्या मांडीवर ठिवला."

"मग चालू काय हुतंय?"

"ते शिकल्याल्या माणसानं सांगावं. तुमी फकस्त पंख्यात तेल घाला. घरघरीत त्यांचं बोलणं ऐकू येत न्हाय."