दुसरा कान

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि पाणीपुरवठा विभागाचे कार्यकारी अभियंता साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आमचे कानवाले काका, पहिल्या रांगेतल्या काकू, विभागातले सर्व कर्मचारी आणि गळती पथकातल्या माझ्या दहा सोबत्यांनो,

आज तीस जून, काकांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी साडेतीन वाजता मी पंपघराच्या पायरीवर बसून हे भाषण चौथ्यांदा स्वच्छ अक्षरात उतरवत होतो. मला पाच मिनिटं दिली आहेत. घड्याळ लावून वाचलं तेव्हा साडेचार मिनिटं झाली.

काकांना कानवाले का म्हणतात, हे पाहुण्यांना कदाचित ठाऊक नसेल. सकाळी साडेपाचला, गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, काका लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवतात, दुसरं कानाला लावतात आणि खालचा पाइप कुठे गळतोय ते सांगतात. एकतीस वर्षं हेच काम. काकू म्हणतात, "जमिनीखालचा थेंब न् थेंब ऐकू येतो, स्वयंपाकघरातून मारलेली हाक तेवढी येत नाही." काकू, हे सांगायची परवानगी तुम्हीच दिली होती.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळा इतका लांबला की तलावाचा तळ दिसायला लागला. तेव्हा काकांनी आम्हा रिकामटेकड्यांना गोळा केलं. आम्हाला वाटलं, आता 'पाणी वाचवा'चे फलक हातात देतील आणि फेरी काढायला लावतील. काका म्हणाले, "फेरी सावकाश काढा. शंभर बादल्या पाणी आपण पंपाने वर चढवतो आणि त्यातल्या तीस रस्त्याखाली मुरतात. मग तेवढी वीज जाळली कशाला? आधी ते थांबवा." मी नववीत शाळा सोडलेला. मला कोणी दारात उभं करत नव्हतं. काकांनी सळई हातात दिली आणि एवढंच विचारलं, "कान धुतलेत ना?"

पथकाचा नियम एकच. ज्याला गळती ऐकू येते, त्याने खडूने गोल काढायचा. मग दुसऱ्याने तिथे स्वतः ऐकायचं. त्यालाही ऐकू आलं, तरच त्याने गोलात फुली मारायची. गोल आणि फुली दोन्ही असल्याशिवाय कुदळ लागत नाही. काका म्हणायचे, "एका कानाला हवं तेच ऐकू येतं."

इथून पुढे मी कागदावर वेगळं लिहिलं होतं. ते बाजूला ठेवतो.

आत्ता साहेबांनी काकांच्या सेवेचा आढावा वाचला. त्यात एक वाक्य आलं: "गेल्या वर्षीचा एक ठपका वगळता निष्कलंक सेवा." काकू तेव्हा पदराशी चाळा करत खाली बघत होत्या. तो ठपका खरा कोणाचा, हे या सभागृहात दोघांनाच माहीत आहे. एक काका, दुसरा मी.

काका, हात खाली करा. मी बसणार नाही.

गेल्या वर्षी एकोणीस एप्रिलला, सकाळी पावणेसहाला, मी प्रसूतिगृहाच्या गल्लीत होतो. त्याआधीच्या माझ्या सतरा खुणा बरोबर निघाल्या होत्या. अठराव्या जागी आवाज स्पष्ट आला. गोल काढला. फुली शिंप्याच्या मुलीने मारायची होती. ती व्यासपीठाच्या उजवीकडे बसली आहे. तिला यायला उशीर होत होता, ठेकेदाराचे खोदणारे येऊन उभे होते. त्यांच्यातला एक म्हणाला, "काय रे, मास्तरीणबाई आल्याशिवाय तुझं पान हलत नाही वाटतं?" मी खडू घेतला आणि फुलीही मीच मारली.

खाली गळती नव्हती. मला ऐकू आली ती भिंतीपलीकडे दूधवाल्याच्या फ्रीजची मोटर. कुदळीने धडधाकट पाइप फुटला. दीड दिवस दोनशे घरांना पाणी नव्हतं. प्रसूतिगृहात नातेवाईक बादल्या भरून जिना चढत होते. त्या सकाळी आठ दिवसांची राखलेली बचत गटारात वाहून गेली.

साहेब, तुम्ही जागेवर आलात आणि विचारलंत, "दुसरा कान कोणाचा?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "माझा. फुली मी मारली." नंतर पंपघरात मी रडायला लागलो, तर म्हणाले, "गप. पथक दहा महिन्यांचं बाळ आहे. तुझं नाव गेलं तर पोरांचा खेळ म्हणून उद्या बंद करतील. माझ्या नावावर एक शेरा पडेल, त्याने काय होतंय?"

काय होतंय, ते आत्ता वाचून दाखवलं गेलं.

पथक पुढे ठेवायचं की नाही, हे साहेब सभेच्या शेवटी जाहीर करणार आहेत. तो कागद त्यांच्या खिशात आहे, मला इथून दिसतोय. माझे सोबती माझ्याकडे कसे बघताहेत, तेही दिसतंय. त्यांचं बरोबर आहे. मी त्यांना न विचारता बोलतोय. पुन्हा एकट्यानेच ठरवलं, असं कोणी म्हणालं, तर तेही खरं. पण चौदा महिने मी रोज सळई कानाला लावतो आणि स्वतःवर विश्वास बसत नाही म्हणून एकेक जागा तीनदा ऐकतो. दुसऱ्याच्या नावावर टाकलेली चूक घेऊन पाण्याची राखण कशी करायची?

साहेब, मी हे लेखी देतो. माझं नाव पथकातून काढा. या दहा जणांनी एकही फुली खोटी मारलेली नाही. त्यांनी शोधलेल्या एकसष्ट गळत्या नोंदवहीत आहेत, प्रत्येकीपुढे दोन सह्या आहेत. पथकाचा निर्णय त्या सह्यांवर करा, माझ्यावर नको. आणि काकांच्या सेवापुस्तकातलं ते वाक्य त्यांनी आज घरी जायच्या आत खोडा.

माझी पाच मिनिटं संपून दोन वर झाली. बोलू दिलंत, याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मला लहान समजून पोटात घाला. फुली तेवढी पोटात घालू नका. ती माझ्या नावावर लिहा.