हाक कुठून आली

ताई : तरी अडतंयच रे! काका ‘दार’ म्हणाले आणि आपली बोलायला शिकवणारी साइट गप्प. मग कधीतरी सावकाश ‘शाब्बास’ म्हणते. तोवर यांचा चेहरा पार उतरलेला.

भाऊ : असं कसं होईल? कालच तुझ्या शहरात नवा सर्व्हर चालू केला. आधी तुमचा आवाज समुद्र ओलांडून इथे यायचा, उत्तर घेऊन परत जायचा, म्हणून उशीर लागायचा. आता सगळं तिथल्या तिथे व्हायला हवं.

ताई : हवं, पण होत नाहीये ना! खटपट्या, जीव टांगणीला लागलाय माझा. डॉक्टरीणबाई येतीलच आता.

आई : फोनचा आवाज मोठा कर रे, मलाही ऐकू दे. हे काका कोण गं?

ताई : शेजारचे, आई. जन्मभर बस चालवली त्यांनी. मेंदूला झटका आल्यापासून शब्दच सापडत नाहीत. आपण बरोबर बोललो आणि समोरचा गप्प राहिला, की त्यांना वाटतं आपलं चुकलंच. मग पुढचा शब्द तोंडातून निघत नाही.

आई : आणि डॉक्टरीणबाई?

ताई : त्यांना साइट पटली तर त्यांच्या दवाखान्यात अशा लोकांना बोलायला शिकवायचं काम मला मिळेल. लग्न करून इथे आल्यापासून नुसती हातावर हात ठेवून बसलेय गं. घरात इतकी भांडी घासलीत की आता ती मला ओळखायला लागलीत.

भाऊ : रडू नकोस हं. तुझ्याच शहरातल्या माझ्या मित्राला सकाळी साइट उघडायला सांगितली. त्याच्याकडे एकदम सुसाट चालली.

ताई : मग मीच काय घोडं मारलंय कुणाचं?

भाऊ : थांब. पत्ते सांगणाऱ्या यंत्रात बघतो.

आई : पत्ते सांगणारं यंत्र? हे काय नवीन?

भाऊ : अगं, आपण साइटचं नाव टाकतो, पण ती कुठे आहे ते फोनला ठाऊक नसतं. तो आधी पत्ता विचारतो. मी त्या यंत्राला शिकवलंय, की हाक कुठून आली ते बघ आणि तिथून जो सर्व्हर जवळ असेल त्याचाच पत्ता दे.

आई : हां. कोणी औषधाचं दुकान विचारलं तर मी गावभर फिरवत नाही, कोपऱ्यावरचं दाखवते.

भाऊ : तसंच. ताई, साइट बंद करून पुन्हा उघड.

ताई : उघडली.

भाऊ : गंमतच आहे. मित्राची सकाळची हाक सोडली तर तुझ्या शहरातून कुणी पत्ता विचारलेलाच नाही. आपल्या घरातून मात्र आत्ता विचारलाय. आई, तू उघडलीस साइट?

आई : मी कशाला उघडू? हात साबणाने भरलेत माझे.

भाऊ : मीही नाही. ताई, अजून एकदा.

ताई : उघडली. काय झालं?

भाऊ : परत आपल्याच घरातून!

ताई : भूतबित शिरलं की काय घरात?

भाऊ : भूत कसलं, माझंच डोकं. तू निघायच्या आदल्या दिवशी तुझा फोन मागून घेतला होता, आठवतं?

ताई : हो, आणि दुपारभर दिला नाहीस. मी सामान भरायचं सोडून तुझ्या मागे फिरत होते.

भाऊ : त्याआधी तू त्या खोट्या बँकेच्या साइटवर फसता फसता वाचली होतीस. म्हटलं, परक्या ठिकाणी चाललीये, कुणी टोपी घालायला नको. म्हणून असं करून ठेवलं, की तुझ्या फोनने कुठलाही पत्ता विचारायचा तो आपल्या कपाटावरच्या त्या छोट्या कॉम्प्युटरच्या डब्याला. डबा खोट्या साइट अडवतो आणि बाकीचे पत्ते पुढे विचारून तुला कळवतो.

ताई : म्हणजे मी इथून विचारते...

भाऊ : ...आणि हाक जाते आपल्या घरातून. यंत्राला तू दिसतच नाहीस. त्याच्या लेखी तू इथेच आहेस, म्हणून ते तुला इथला सर्व्हर देतं.

ताई : कधीपासून?

भाऊ : तू गेलीस तेव्हापासून.

आई : अगं बाई.

भाऊ : सेटिंगमध्ये जा. नेटवर्कच्या खाली ‘घर’ असं लिहिलेलं दिसेल. ते काढून टाक. खोट्या साइटसाठी तिथलंच काहीतरी बसवून देईन उद्या. काढलंस?



ताई : दिसतंय रे ‘घर’. राहू दे का? काकांना सांगते, जरा धीर धरा म्हणून. मला माहीतही नव्हतं, पण इतके दिवस मी कुठेही जाताना आधी घरी विचारून जात होते. काढायला हात होत नाहीये.

आई : वेडाबाई, घर काय त्या डब्यात आहे? तुला रोज फोन करते ती मी. तो माणूस तिथे तोंड उघडून बसलाय. काढ बघू.

ताई : काढलं.

भाऊ : आता फोन बंद करून चालू कर, नाहीतर तो जुनाच पत्ता धरून बसेल. आम्ही भावजींच्या फोनवर येतो.

(थोड्या वेळाने. पलीकडे एक जड आवाज म्हणतो, “दार.” तो संपतो न संपतो तोच, “शाब्बास!”)

ताई : ऐकलंत? ऐकलंत का? काका, अहो थांबा, मी अजून पुढचा शब्द विचारलाच नाही! आई, ते आपणहून खिडकी म्हणाले! हसतायत बघ कसे!

आई : ऐकू येतंय गं, ऐकू येतंय.

ताई : बेल वाजली. त्याच असणार. केस बरे आहेत ना माझे? छे, तुम्हाला कुठे दिसतायत! ठेवते मी, ठेवते.

आई : ठेवलासुद्धा! बघ रे, काय म्हणतंय तुझं यंत्र?

भाऊ : तिच्या शहरातून नुकतीच एक हाक आलीये. तिचीच.

आई : आणि आपल्या घरातून?

भाऊ : एकही नाही.

आई : मग आत्ता कुठे पोचली म्हणायची.