आशादायक उंदरिणी

...आणि वर म्हणे आशादायक! अहो, तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं त्या संशोधन संस्थेच्या प्राणीघरात उंदरांची चाकरी करतोय, पिंजरे धुतोय, पाणी भरतोय, लेंड्या उचलतोय, आणि एकतीस वर्षांत तिथून एक गोळी बाहेर पडलेली पाहिली नाही, साधं मलम नाही, बाहेर पडतो तो फक्त अहवाल! आणि प्रत्येक अहवालाच्या शेवटी काय? 'परिणाम आशादायक आहेत, अधिक संशोधनाची गरज आहे.' आशादायक म्हणे!

आता तुम्ही म्हणाल, यात तुमचं काय बिघडलं? माझा कणा बिघडला! हाडांच्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरला, च् च् च् केलं आणि म्हणतो कसा, 'काका, वयानं हाडं ठिसूळ झालीत, दोन मणके बसलेत, तिसरा तयारीत आहे. आता वाकायचं नाही.' वाकायचं नाही! अरे बाबा, माझं पोट वाकण्यावर चालतं! आणि गोळ्या दिल्या त्या अशा, की गिळल्यावर अर्धा तास आडवंसुद्धा व्हायचं नाही. म्हणजे वाकायचं नाही, झोपायचं नाही... मग करायचं काय? भिंतीला टेकवून ठेवा मला, छत्रीसारखा!

म्हणून माझा सगळा जीव त्या वेलीत अडकलेला. आहे एक वेल, नाव सांगत नाही, उगाच उद्या लोकांची कुंपणं ओरबाडत सुटाल. आमच्या मोठ्या मॅडम, प्रयोगशाळेच्या प्रमुख, तीन वर्षं त्या वेलीच्या मागे हात धुऊन लागलेल्या. चाळीस म्हाताऱ्या उंदरिणी. वरच्या ओळीतल्या वीस जणींना पाण्यातून वेलीचा अर्क, खालच्या ओळीतल्या वीस जणींना नुसतं पाणी. सहा महिन्यांनी हाडं मोजायची, वरच्यांची जास्त भरली तर औषध खरं. मी रोज सकाळी वरच्या ओळीपुढे उभा राहून विचारायचो, 'काय गं बायांनो, येतोय का गुण?' हसताय काय! तुमचा मणका बसला की तुम्हीही विचाराल!

निकाल लागला. दोन्ही ओळींची हाडं सारखीच दणकट! पाणी पिऊन राहिलेल्यांचीसुद्धा! मॅडमचे मदतनीस, आमचे चष्मेवाले साहेब, जन्मात कधी पिंजऱ्याला हात लावला नाही तो माणूस, नाकातून म्हणतो, 'वेलीत काही दम नाही मॅडम, बंद करू या.' मॅडमनी वही मिटली. म्हणजे आज आशादायकसुद्धा नाही! आणि, तुम्हाला सांगतो, खरी भानगड मला माहीत होती.

वाकायचं नाही ना मला? मग खालची ओळ पार जमिनीलगत, तिथे वाटीत खाणं ठेवणार कसं? मी आपला पिंजरा पायानं पुढे ओढायचो आणि लांब चिमट्यानं, उभ्याउभ्या, खाणं पिंजऱ्याच्या छताच्या जाळीत खोचून द्यायचो. वरच्या ओळीला वाटीत, बसल्याजागी. खालच्या बिचाऱ्या मागच्या दोन पायांवर उभ्या राहून, माना ताणून, सहा महिने!

गप्प बसलो तर नोकरी शाबूत, पण वेल उकिरड्यावर आणि माझा तिसरा मणका तिच्यामागून. दोन दिवस विचार केला. शेवटी गेलो केबिनमध्ये, म्हटलं, 'मॅडम, चूक माझी आहे, माझ्या चुकीपायी वेलीचा बळी देऊ नका.' सगळं सांगितलं. बाईंनी वही पुन्हा उघडली. मग एकदम डोळे चमकले. 'काका, म्हणजे नुसतं उभं राहून हाडं भरली?' 'हो, पण मॅडम, वेल...' 'वेल राहू द्या हो! केवढं आशादायक आहे हे!'

गेली वेल! आता नवीन प्रयोग, आणखी तीन वर्षं, चाळीसच्या चाळीस उंदरिणी दोन पायांवर. वाः! एवढी यंत्रं, एवढ्या पदव्या, आणि शोध काय लावला? तर उभं राहावं! चष्मेवाला तर आता असा मिरवतो, जणू जाळीत खाणं यानंच खोचलं!

आणि माझी अक्कल बघा, हे सगळं घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं निमूट ऐकून घेतलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सकाळी बघतो तर चहाचा डबा, साखर, टॉवेल, माझा चष्मा, सगळं सगळ्यात वरच्या फळीवर! म्हटलं, 'अगं, हे काय?' तर म्हणते, 'अहो, त्या मुक्या जिवांना गुण आला ना? मग करा टाचा वर!'

चार महिने झाले. काल डॉक्टरनं नवीन फोटो बघितला, म्हणाला, तिसरा मणका आहे तिथेच आहे. पण तुम्ही कृपा करून आमच्या घरी यातलं काही बोलू नका... ती बाई उद्या माझं जेवणाचं ताट पंख्याला टांगेल!