लेकीचं बाळंतपन, टाकीच्या पायरीवरून

माझा जलम पाथर्डीकडला, डोंगराच्या कडंला. आई सुईन हुती, तिच्या मागं मी, गावातली निम्मी पोरं माझ्या हातावर झाली, आता समद्या दवाखान्यात जात्यात, बरंच झालं म्हना. पन हात इसरत न्हाई, ताई. पोटावर ठिवला की मला कळतं.

आमच्यात पयलं बाळंतपन माहेरीच असतंय. माझी लेक मंदा जावयासंगं ऊसतोडीला गेल्ती, पार बेळगावच्या पल्याड, म्हनली आई, अजून लई दिस हायेत, पुढल्या आठवड्यात येते. दिस मोजायला चुकली येडी.

रेंज आमच्याकडं निस्ती पान्याच्या टाकीच्या पायरीवर, म्हनून रोज दुपारी मी तिथं बसायची. त्या दिशी तोंड दिसतंय तसला व्हिडिओ फोन लावला तर जावई रडतोय. फडावरच्या पाचटाच्या कोपीतच झाली हुती पोर, चांगली रडत हुती, वार बी पडली हुती, पन मंदाचं रगत थांबना. दवाखान्याची गाडी निघाली हुती, अर्धा तास लागंल म्हनं.

काय सांगू तुम्हाला, लेकीचा पांढराफट्ट चेहरा माझ्या तळहातात, आन माझा हात तिच्यापाशी न्हाई. मुकादमाची बायको जवळ बसल्याली, तिला म्हनलं बाई, बेंबीखाली दाबून बघ, कपाळावानी टनक लागतंय का गालावानी मऊ. ती म्हनली मावशी, गालावानी. म्हंजी पिशवी आवळलीच न्हवती. म्हनलं चोळ, गोल गोल, जोरात, ती वरडली तरी सोडू नको, आन लेकरू छातीला लाव तिच्या.

तेवढ्यात चित्र थांबलं. मंदाचं तोंड अर्धं उघडं, तसंच. मी निस्ती हॅलो हॅलो, उठायची बी सोय न्हाई, उठलं की फोन कट. खाली धा पावलांवर शेजारची पारू पानी भरत हुती, इचारती काय झालं वं आक्का. लई भ्याले, ताई. जल्मात एवढी भ्याले न्हाई.

मग आवाज आला, मावशी, कपाळावानी लागतंय आता. म्हनलं गाडी येस्तवर हात काढू नको. पारूनं वर येऊन माझा हात धरला तवा समजलं, मी माझीच मांडी चोळत हुते, पार लाल झाल्ती.

उसाचा फड उरकल्यावर आली मंदा. पारूनं दारात भाकरतुकडा ओवाळला, नातीला म्होरं केलं, घे की आक्का. मी आधी मंदाच्या पोटावर हात ठिवला. ती म्हनली आई, बरी झाले की मी कवाच. म्हनलं गप ऱ्हा, मला बघू दे.

आता परत गेलीया, नातीला घिऊन. नात फोनात मला बघून हसती, मंदा म्हनती आई, जवळच हाय की आपन. व्हय म्हनते. मुकादमाच्या बायकोचं तोंड मातुर मी अजून न्हाई पाह्यलं, फोनात निस्ता तिचा हात दिसला हुता. त्या हाताला देव कदी दुखनं न देवो.