मागच्या रांगेतल्या सायकली

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मानेला पट्टा लावून बसलेला निर्माता साउंडवाल्याला खरमरीत मेसेज लिहीत होता. नदी वाचवण्यासाठी केलेल्या गाण्याच्या कार्यक्रमात, ऐन त्याच्या भाषणात माईक बंद पडला होता. पाठीमागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

"गुडघ्याला काय झालं हो, ताई?"

"गाणं ऐकायला गेले होते."

"गाण्याने गुडघा दुखतो?"

"सायकल मारावी लागली ना. दिवे, स्पीकर, सगळं प्रेक्षकांच्या पायांवर. जनरेटरचं डिझेल जाळायचं नाही म्हणे, सायकलींवरच वीज करायची."

"कल्पना चांगली आहे की."

"चांगलीच आहे. नदीसाठी म्हणून मी हौसेने पाय मारत होते. मग मान वर करून बघते, तर पुढे सोफे. महागड्या तिकिटांचे लोक पाय पसरून बसलेले. सायकली फक्त आम्हा स्वस्तातल्यांना."

"म्हणजे घाम तुमचा, गाणं त्यांचं."

"त्यांचे पंखेसुद्धा आमच्याच पायांवर."

"कुणी काही बोललं नाही?"

"बोलणार कुणाला? तेवढ्यात निर्माताच स्टेजवर आला. आयुष्यभर नदी-जंगलांसाठी कार्यक्रम केले म्हणाला. वर म्हणतो कसा, नदीचं ओझं सगळ्यांनी सारखं उचलायला हवं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाय काढले पेडलवरून."

निर्मात्याचा अंगठा मेसेजवरच थबकला.

"पण एकट्या तुमच्या पायांनी काय होणार?"

"एकटी कुठे? आमची अख्खी रांग थांबली."