पाण्याची कातडी

...आणि वर मलाच म्हणतात, 'आजोबा, टेन्शन घेऊ नका!' अहो, मी कुठं घेतोय? टेन्शन घेतलंय त्या वीतभर पोरीनं! माझी नात हो. सकाळी जन्मली, अजून दुपारची जेवणं व्हायची होती, डोळे उघडलेले नाहीत, नाव ठेवलेलं नाही, आई कोण बाप कोण याचा तिला पत्ता नाही, आणि आमचे जावईबापू एवढंसं तोंड करून माझ्याकडं येतात न् म्हणतात, 'बाबा, टेन्शन आहे. सरफेस टेन्शन.' मी म्हटलं, कुणाला? म्हणाले, 'बाळाला.' आता बोला! अरे, आल्या आल्या? मला पहिलं टेन्शन आलं ते लग्नानंतर!

मी म्हटलं, जावईबापू, जरा माणसाच्या भाषेत सांगा. तर म्हणाले, 'पृष्ठताण.' पृष्ठ! तुम्हाला सांगतो, मी चौथीचं पुस्तक उघडं टाकून लॉन्ड्रीत शिरलेला माणूस, हॉटेलांच्या चादरी धुण्यात जन्म गेला माझा. मला पृष्ठ म्हणाल तर एकच ठाऊक. पृष्ठभाग! ज्याच्यावर मी त्या घडीला बसलो होतो, दवाखान्याच्या पत्र्याच्या बाकावर, भोकाभोकांच्या... त्या भोकांची नक्षी अजून असेल माझ्या अंगावर. दाखवता येत नाही म्हणून, नाहीतर दाखवली असती.

मी लगेच घरी फोन लावला. आमची ही घरी होती, गुडघे धरून बसलेली. म्हटलं, 'अगं, पोरीच्या पृष्ठभागाला ताण आहे.' ती काय घाबरणारी बाई आहे? तिथूनच ओरडली, 'मग उताणी कशाला झोपवलीय? पालथी घाला म्हणावं! एवढे शिकले न् एवढं कळत नाही मेल्यांना?' आणि ठेवला फोन. मी म्हटलं, झालं. आता हे सांगायचं कुणाला न् कसं?

हसताय? हसा, हसा. मी नव्हतो हसत. मी काचेतून बघत होतो.

पेटी होती हो काचेची, तिच्यात ती. आठवा महिना लागला न् लगेच आली, तिला कसली घाई झाली होती देव जाणे, आमच्या घरात कधी कुणी कुठं वेळेवर गेलेलं नाही आणि ही आधी! श्वास घेतला की बरगड्यांखाली खळगा पडायचा, बोट मावेल एवढा. छाती वर येण्याऐवजी आतच जायची. आणि कण्हायची. मी बाकावरून उठताना माझ्या तोंडून येतो ना आवाज, 'हं... हं...', तोच! अरे, तो आवाज माझा आहे! तो मिळवायला जन्म घालवावा लागतो, तू कशाला काढतेस गं?

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, चालणं असं की मागून आग लागलीय. मी आडवा झालो. म्हटलं, बाई, काय झालंय माझ्या नातीला? त्या म्हणाल्या, 'आजोबा, पाण्याला कातडी असते.'

ऐकलंत? मी पोरीचं विचारतोय, बाई पाण्याचं सांगताहेत. पाण्याला कातडी असते म्हणे! हयातभर कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बसलो, माझ्या हाताची कातडी गेली, पाण्याची कधी दिसली नाही! तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, 'पाण्यावर चालणारा किडा बघितलाय ना? तो बुडत नाही. का? वर कातडी ताणलेली असते.' मी म्हटलं, बाई, किडा चालू दे की हवा तेवढा, त्यासाठी माझ्या नातीनं का गुदमरायचं?

तर म्हणाल्या, फुप्फुसात बारीक बारीक फुगे असतात, आतून ओले. त्या ओलाव्याची कातडी फुग्याला आत ओढते, मिटवून टाकते. पुऱ्या दिवसांचं बाळ येतानाच आपला साबण घेऊन येतं. 'म्हणजे साबणासारखं काहीतरी हो, शेवटच्या दिवसांत फुप्फुसातच तयार होतं. कातडी सैल करतं. ही आधीच आली, तिच्याकडे ते नाही. आपण ते नळीतून घालणार आहोत.'

साबण! फुप्फुसात!

आता तुम्हीच सांगा, मी गप्प बसायचं? साबण काय चीज आहे ते मला विचारा! डोळ्यात गेला तर माणूस नाचतो. तोंडात गेला तर दिवसभर जेवणाला चव नाही. आणि हे नाजूक फुप्फुसात घालणार? मी दारात उभा राहिलो, दोन्ही हात चौकटीला. म्हटलं, साबण आत जाणार नाही! जावईबापू मागून सदरा ओढताहेत, 'बाबा, बाबा, अहो लोक बघताहेत...' बघू देत लोक! एक सिस्टर म्हणाली, 'वॉचमनला बोलवू का?' मी म्हटलं, बोलवा! त्याचेही कपडे धुतलेत मी!

नव्हते धुतले. पण बोलून गेलो.

बाई चिडल्या नाहीत. हीच तर भीती वाटते मला डॉक्टरांची... चिडले की समजावं ठीक आहे, गोड बोलले की समजावं काही खरं नाही. त्यांच्या मुठीत त्याच औषधाची बाटली होती, अंगठ्याएवढी. म्हणाल्या, 'फ्रीजमधली आहे, मुठीत कोमट होतेय. तेवढाच वेळ आहे माझ्याकडं. या इकडं.' आणि नेलं मला बेसिनपाशी. एक पातळ प्लास्टिकची पिशवी घेतली, आतून ओली केली, पाणी झटकलं, चपटी केली, माझ्या हातात दिली. 'फुगवा.'

मी म्हटलं, हात्तिच्या! तोंड लावलं, फुंकलं. उघडेना. परत फुंकलं... गाल दुखले, कानांत शिट्या वाजल्या, डोळ्यांपुढं काजवे! पिशवी आपली चिकटून बसलेली, ओल्या चादरी पिळून ठेवल्या की एकमेकींना सोडत नाहीत तशी. 'फुगवा ना, आजोबा,' बाई म्हणाल्या, 'तिला दर श्वासाला हेच करावं लागतंय.'

दर श्वासाला.

तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडचं पाणी पळालं... कातडीसकट पळालं! अहो, मी धडधाकट माणूस, चार वेळा फुंकून धापा टाकतोय, आणि ती आत, माझ्या तळहातावर मावेल एवढी, सकाळपासून फुंकतेय, फुंकतेय, आणि कुणी तिला म्हणत नाही की पोरी, दमलीस, जरा बैस. दमली तर? हा विचार आला न् मी बेसिन धरलं. दमून थांबली तर?

बाईंनी भिंतीवरच्या डबीतून हात धुवायच्या साबणाचा एक थेंब पिशवीत टाकला, चोळली, परत दिली. फुंकलं. उघडली! अशी उघडली जशी कधी चिकटलीच नव्हती. मी ती फुगलेली पिशवी हातात धरून उभा... आणि बाई कधीच आत गेल्या होत्या. मी अडवलंच नाही.

मग बाकावर. एका टोकाला जावई, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये पिशवी. जावईबापू मोबाइलवर काहीतरी वाचत होते न् दर ओळीला पांढरे पडत होते. मी म्हटलं, ठेवा ते. म्हणाले, 'बाबा, यात लिहिलंय...' मी म्हटलं, त्यात लिहिणाऱ्याची नात आहे का आत? तेव्हा ठेवला. वरच्या मजल्यावर माझी मुलगी टाके घेऊन पडलेली, सारखं एकच विचारत होती म्हणे, 'रडली का? बाळ रडलं का?' आणि खोटं बोलायला तिच्याकडं कुणी जात नव्हतं. मी तर नाहीच. माझं खोटं तिला लहानपणापासून कळतं.

पाण्याला कातडी असते! कुणीतरी काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास आणून दिला, मी प्यायलो नाही. ग्लासात बघत बसलो. काठाच्या वर जरासं फुगून उभं होतं ते, सांडत नव्हतं. मी त्याला म्हटलं, सोड की रे. एवढीशी आहे ती. सोड.

जावई म्हणाले, 'बाबा, कुणाशी बोलताय?' म्हटलं, तुमच्या टेन्शनशी!

आणि मग दार उघडलं. सिस्टर, तीच वॉचमनवाली. बोटानं या म्हणाली. जावयानं काखेत हात घालून उभं केलं. काचेतून बघतो तर... पोरगी पालथी! पालथी घातली होती हो, आणि पाठ कशी, वर-खाली, वर-खाली, खळगा नाही, कण्हणं नाही, लॉन्ड्रीतल्या वाफेसारखं संथ. बाई म्हणाल्या, 'पालथं ठेवलं की श्वासाला बरं पडतं. अजून काही दिवस इथंच राहील, पण आता घेतेय ती.' मी फोन लावला. ही म्हणाली, 'बघा! मी म्हटलं नव्हतं? पालथी घाला!' आणि तेव्हापासून गल्लीत सगळ्यांना सांगतेय की नातीला हिनं वाचवलं. डॉक्टरीणबाई नुसत्या मदतीला होत्या!

आता घरी आहे पोर. रडते... काय रडते! पलीकडच्या इमारतीतली माणसं खिडक्या लावून घेतात. कुणाची फुप्फुसं म्हणायची ही? मी काही म्हटलं की मुलगी म्हणते, 'बाबा, रडू दे. ऐकू दे मला.' त्यामुळं ऐकतो सगळेजण. आणि दुपटी कोण धुतो? अनुभवी माणूस घरात असताना दुसरं कोण! साबणातून सुटावं म्हणून लॉन्ड्री विकली, तर पुन्हा टबासमोर, पाटावर, त्याच पृष्ठभागावर.

काल मांडीवर घेतली होती. पालथीच, हिचा हुकूम. छान श्वास चालला होता, मी आपला पाठीवर हात ठेवून मोजत होतो... सवय लागलीय हो, अजून जात नाही. आणि एकदम मांडी गरम! पाण्याला म्हणे कातडी असते, किडा म्हणे त्याच्यावर चालतो, ग्लासात म्हणे ते काठाच्या वर उभं राहतं... पण माझ्या मांडीवर मात्र थेट आतपर्यंत!

बसून राहिलो तसाच. उठलो असतो तर तोंडून 'हं' निघालं असतं, आणि तो आवाज आता आमच्या घरात कुणी काढायचा नाही.