चार जुलैला आलेला निरोप

पुरवणी जबाब

मी द्रौपदा पोपट रोकडे, वय ४७, धंदा शेती, रा. महाळुंगे पडवळ, ता. आंबेगाव, जि. पुणे. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी मुलगी साक्षी हिच्यासह राहते. ती कंप्युटरचं शिकते. माझे पती पोपट हे सात मे रोजी घोड नदीत बुडून मयत झाले. पाय घसरला असावा, असं मी पहिल्या जबाबात म्हटलं होतं. आता कारण कळलं, म्हणून पुन्हा आले.

उन्हाळ्यात धरणातून नदीला पाणी सोडतात. त्याआधी पात्रातल्या मोटारी वर ओढाव्या लागतात. आमचे मालक दरवेळी धरणाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला फोन करून विचारायचे आणि काठाकाठानं ओरडत जायचे, "मोटारी काढा रं, पाणी सुटतंय!" यंदा साक्षीनं प्रोग्राम केला. धरणाच्या ऑफिसातून पाणी सुटायची तारीख आली, की ती त्यात आपोआप पडायची आणि आदल्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलला निरोप जायचा. मालकांना लई कौतुक. त्यांनी पाटकऱ्याला विचारणं सोडून दिलं.

त्या सकाळी मी म्हटलं, "आधी फोन लावा की." तर म्हणाले, "साक्षीचा मेसेज आल्याबिगर नदीला पाणी येत नाय." मोटारीच्या पाइपाला अडकलेला गाळ काढायला पात्रात उतरले. सापडले ते खालच्या बंधाऱ्याला. निरोप कुणालाच का आला नव्हता, तर आदल्या दिवशी गावातली रेंज गेली असेल, असं सगळेच म्हणाले. साक्षीही तेच म्हणाली.

परवा चार जुलैला मालकांचा मोबाइल वाजला. मी तो चार्ज करून ठेवते. निरोप होता, "उद्या नदीला पाणी सुटणार आहे. कोणीही पात्रात उतरू नये." साक्षीनं वाचला आणि आपला प्रोग्राम उघडून बघितला.

तिनं सांगितलं ते असं. तारीख ०७/०५ अशी आकड्यात आली होती. तिचा प्रोग्राम परदेशी रीतीनं आधी महिना धरत होता, म्हणून त्यानं सात मेचं पाच जुलै केलं. एप्रिलमध्ये बावीस तारखेला पाणी सुटलं तेव्हा तो चुकला नाही, कारण बाविसावा महिना नसतो, तिथं त्यानं आपणहून उलटं करून घेतलं. म्हणून कुणाला शंका आली नाही.

"आई, मीच मारलं गं बाबांना," असं साक्षी म्हणाली. ते माझे दीर सोपान यांनी ऐकलं आणि तिच्यावर तक्रार दिली. ती तसं म्हणाली हे खरं, मी लपवत नाही. भावजी बाहेर बाकावर बसलेत, त्यांच्या तोंडावर सांगते. इतकी वर्षं तुमची मोटार कुणाच्या ओरडण्यानं वर निघाली? त्या दिवशी तुम्ही तरी विचारलंत का पाटकऱ्याला? साहेब, मी चिडून बोलते आहे, तसंच लिहा.

साक्षी परवापासून जेवलेली नाही. घरामागच्या विहिरीवर मी पत्रे टाकून तारेनं आवळून बांधलेत. आत्ता तिच्यापाशी शेजारच्या साळुबाईला बसवून आले आहे. माझा जीव तिकडं आहे, लवकर उरका. माझी पोरीविरुद्ध तक्रार नाही. तिच्या बापाचीही नसती.

लिहिलेलं मला वाचून दाखवलं, मी बोलले तसंच आहे. फक्त खाली तारीख ०६/०७ अशी घातली होती, ती मी खोडायला लावून अक्षरात लिहून घेतली, आणि मगच सही केली.

सहा जुलै.